कॅम्पातलं बाळंतपण : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी निर्वासितांच्या एका कॅम्पच्या लेबर रूममध्ये काढलेल्या दिवसांबद्दल लिहिलं होतं. तिथे बाई दगावते ती बहुतेक वेळा कुठल्या अगम्य आजाराने नाही तर उशिराने, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर ढीगभर मेल आले, काही चिडलेले, काही फार मनापासून लिहिलेले. जमतील तेवढ्यांना इथे उत्तर देते.

ताई, राग मानू नका पण स्पष्टच विचारतो. डोक्यावर छप्पर नाही, उद्याचा भरवसा नाही, अशा वेळी या बायका मुलं होऊच कशाला देतात? आधी परिस्थिती तरी सुधारू द्यावी ना. — एक निवृत्त बँक कर्मचारी

राग नाही आला काका, हा प्रश्न मला घरच्यांनीही विचारून झालाय.

पहिली गोष्ट म्हणजे कितीतरी जणी पोटात बाळ घेऊनच पळालेल्या असतात. लढाई सुरू होताना तुम्हाला कितवा महिना हे कोणी विचारत नाही. ज्यांना दिवस नव्हते त्यांच्याही गोळ्या घरी राहिल्या, इंजेक्शनची तारीख वाटेतच उलटून गेली, दवाखाना मागे पडला. आणि काहींवर वाटेत जबरदस्ती झालेली असते, तिथे "होऊ देण्याचा" प्रश्नच येत नाही. राहिली परिस्थिती सुधारण्याची गोष्ट. केनियातला डडाबचा कॅम्प १९९१ साली उभा राहिला तो अजून आहे, तिथे जन्मलेल्या मुली आज आया झाल्यात. तीस-तीस वर्षं माणसं संसार थांबवून बसत नाहीत हो, तुम्ही आम्हीही बसलो नसतो.

तुम्ही बँकेत होतात म्हणून एक हिशोब देते. अशा वस्त्यांचं नियोजन करताना ढोबळमानाने धरतात की दहा हजार लोकांमागे वर्षाला ४०० बाळंतपणं होतील, म्हणजे रोज एकापेक्षा जास्त. त्यातल्या साधारण १५ टक्के, म्हणजे ६० जणींना जिवावर बेतेल असं काहीतरी होणार, जास्त रक्त जाणं, फिट येणं, बाळ अडणं, इन्फेक्शन. कोणाला होणार ते आधी सांगता येत नाही, पण होणार हे नक्की. आणि तरीही नव्वदच्या दशकापर्यंत मदत म्हणजे पाणी, धान्य, ब्लँकेट आणि लसी, यात बाळंतपण धरलेलंच नसायचं! १९९४ची कैरोची लोकसंख्या परिषद झाली, पुढच्या वर्षी संस्थांचा एक गट बसला आणि त्यातून बाळंतपण आणि प्रजनन आरोग्याच्या किमान सेवांचं एक पॅकेज तयार झालं, मिस्प म्हणतात त्याला. संकट सुरू झाल्यापासून शक्यतो ४८ तासांत या सेवा सुरू करायच्या असा त्याचा नियम आहे. ४८ तासच का, तर कळा काही तंबू ठोकून व्हायची वाट बघत नाहीत.

मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॅम्पमध्ये गरोदर बायकांना डिलिव्हरी किट वाटतात असं वाचलं. त्यात नेमकं काय असतं आणि त्याने खरंच जीव वाचतो का?

अगदी साधं असतं गं. साबण, खाली अंथरायला प्लास्टिकचा कागद, नाळ कापायला नवं कोरं ब्लेड, बांधायला स्वच्छ दोरा, ग्लोव्ह्ज, बाळ पुसायला-गुंडाळायला कापड. शेवटच्या महिन्यांतल्या बायकांना हे आधीच देऊन ठेवतात, कारण दवाखान्यापर्यंत पोचता आलं नाही तर निदान घाणेरड्या ब्लेडने नाळ कापली जाऊ नये.

पण या किटने रक्त थांबत नाही, फिट थांबत नाही आणि अडलेलं बाळ तर मुळीच बाहेर येत नाही. इन्फेक्शन टाळायला ठीक. किट वाटून झाले, फोटो काढून झाले, आता आपली जबाबदारी संपली असं वागणारे लोक मी पाहिलेत आणि मला त्यांचा फार राग येतो. किट म्हणजे पोचताच आलं नाही तर काय, याची सोय. खरी सोय म्हणजे रात्री दोन वाजता जागी असलेली ट्रेन्ड मिडवाइफ, तिच्या हाताशी औषधं आणि पुढे न्यायला गाडी.

औषधांचं तुला परीक्षेलाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. बाळ झाल्यावर रक्त जास्त जाऊ नये म्हणून ऑक्सिटोसिन देतो, पण ते ठेवायचं २ ते ८ डिग्रीला. आता जिथे लाइटच नाही, जनरेटर डिझेल असेल तर चालतो, तिथे फ्रीज कुठला? म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या कामाला येतात, त्यांना थंडावा लागत नाही, फक्त दमट हवेपासून जपायच्या, आणि सुईण किंवा आरोग्यसेविकासुद्धा शिकवल्यावर देऊ शकते. हल्ली उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिनही आलंय, २०१८ साली दहा देशांत जवळपास ३०,००० बायकांवर त्याची चाचणी झाली आणि ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं. फिटसाठी मॅग्नेशियम सल्फेट, जुनं आणि स्वस्त औषध, बीपी वाढलेल्या बाईला वेळेत दिलं तर फिट येण्याचा धोका निम्म्यावर येतो. आणि रक्त किती गेलं ते नुसतं बघून कधीच सांगू नकोस, डोळा नेहमी कमीच सांगतो. खाली माप असलेली पिशवी लावायची आणि ५०० मिलीच्या पुढे जातंय असं दिसलं की सगळे उपाय एकदमच सुरू करायचे, एक करून बघू मग दुसरा असं नाही. चार आफ्रिकी देशांत अशा पद्धतीची चाचणी झाली, तिचे निकाल २०२३ला आले, तर अतिरक्तस्राव आणि त्यातून होणारी ऑपरेशनं किंवा मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी कमी झाले.

यात महागडं असं काय आहे, सांग बरं. जॉर्डनमध्ये झाआतरीचा सीरियन निर्वासितांचा कॅम्प आहे, तो २०१२ला सुरू झाला, वाळवंटातच म्हण ना. तिथल्या प्रसूती क्लिनिकमध्ये २०१६पर्यंत ५,००० बाळंतपणं झाली आणि एकही आई दगावली नाही. याउलट बांगलादेशात ऑगस्ट २०१७नंतर सात लाखांवर रोहिंग्या आले, तिथल्या कुतुपालोंग कॅम्पच्या त्या मातीच्या टेकड्या, पावसात पाय ठरत नाही, गाडी आत येत नाही, बाईला खुर्चीवर बसवून किंवा बांबूच्या झोळीत घालून खाली आणायची. दवाखाना असतो गं, पण तिथवरची वाट असते का हा खरा प्रश्न आहे.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक निर्वासित कुटुंब राहतं (मी परदेशात असते). बाईला सातवा महिना लागलाय. तपासणीला जाताना ती अकरा वर्षांच्या मुलाला सोबत नेते, तोच डॉक्टरचं बोलणं तिला सांगतो. मला तिची भाषा बऱ्यापैकी समजते. मी जाऊ का तिच्यासोबत? आणि बिल किती येईल याची तिला फार धास्ती आहे, म्हणून दोन तपासण्या तिने बुडवल्यात.

सोबत जरूर जा. पण दुभाषी म्हणून नाही, मैत्रीण म्हणून.

त्या मुलाला आधी यातून सोडवा. अकरा वर्षांचं पोर आईला "अंगावरून पाणी जातंय का", "आधी कधी गर्भ पडलाय का" हे कसं विचारेल, आणि ती तरी त्याला काय सांगेल? माझ्याच लेबर रूममधली गोष्ट सांगते. एक बाई आली होती, सोबत मोठा मुलगा, प्रत्येक प्रश्नाला उत्तर "नाही". त्रास नाही, आधी ऑपरेशन नाही, काही नाही. आम्हीपण घाईत होतो, लिहून मोकळे झालो. नंतर तपासायला घेतली तर पोटावर सिझरचा जुना व्रण! मुलाला सिझर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, त्याने आपल्या अंदाजाने "नाही" म्हणून टाकलं. चूक त्याची नव्हती, आमची होती. आधी सिझर झालेल्या बाईच्या कळा घरी लांबल्या तर गर्भपिशवी फाटू शकते, इतकी मोठी गोष्ट एका पोराच्या तोंडी आम्ही सोडली होती.

नवराही नको, सासूही नको, निदान पहिल्या भेटीत तरी. घरात मारहाण होत असेल तर मारणाऱ्याच्याच तोंडून ती कशी सांगणार. हॉस्पिटलला आधी फोन करून स्पष्ट सांगा, व्यावसायिक दुभाषी लागेल, बाई असेल तर उत्तम. बऱ्याच ठिकाणी फोनवरून दुभाषी मिळतो, स्पीकर लावायचा की झालं, फक्त अपॉइंटमेंट घेतानाच मागावा लागतो, ऐनवेळी नाही. तुम्ही मागू शकता, ती नाही मागू शकत, हाच तुमचा मोठा उपयोग.

बिलाचं म्हणाल तर देशादेशात फरक आहे. इंग्लंडमध्ये निर्वासित म्हणून मान्यता मिळालेल्या किंवा अर्ज चालू असलेल्या बाईला हॉस्पिटलचं बिल लागत नाही. अर्ज फेटाळला असेल तर बिल येऊ शकतं, पण तिथेही बाळंतपणाची सेवा तातडीची मानतात, पैसे नाहीत म्हणून नाकारता किंवा लांबवता येत नाही. जर्मनीत आश्रयासाठी अर्ज केलेल्यांना सुरुवातीला उपचार मर्यादित मिळतात, पण गरोदर आणि बाळंतिणीला डॉक्टर, मिडवाइफ, औषधं हे सगळं त्याच कायद्यात वेगळं लिहून दिलंय. कॅनडात केंद्र सरकारची निर्वासितांसाठी वेगळी आरोग्य योजना आहे, २०१२ला तिच्यात मोठी कपात केली होती, २०१६ला ती परत पूर्ववत केली. युक्रेनमधून आलेल्यांना युरोपीय संघाच्या देशांत मार्च २०२२पासून तात्पुरतं संरक्षण आहे, त्यात वैद्यकीय मदत येते. म्हणून तिचे कागद नेमके कोणत्या टप्प्यावर आहेत ते बघा आणि निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एखाद्या कायदा सल्ला केंद्रात विचारा. शेजारणी-पाजारणींच्या "मला इतकं बिल आलं होतं" यावर जाऊ नका, या ऐकीव गोष्टींनीच बायका तपासण्या बुडवतात.

जागतिक आरोग्य संघटना २०१६पासून गरोदरपणात आठ भेटी सांगते. तिच्या दोन बुडाल्यात, हरकत नाही, इथून पुढच्या धरा. आणि एक कागद तिच्या भाषेत लिहून फ्रिजवर लावा, खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखं होणं, रक्त जाणं, अंगावरून पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, ताप, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. खाली इमर्जन्सीचा नंबर आणि तिच्या भाषेचं नाव तिथल्या भाषेत, म्हणजे फोन लावून तिने तेवढे दोन शब्द म्हटले तरी पलीकडच्याला दुभाषी जोडता येईल.

आमचा महिला मंडळाचा ग्रुप कॅम्पमधल्या बाळांसाठी दूध पावडरचे डबे पाठवायचं म्हणतोय. चालेल का?

नाही. कृपया नको. पावडर कालवायला उकळलेलं पाणी लागतं, बाटली उकळायला इंधन लागतं, आणि डबा संपला की पुढचा कुठून आणणार? तोवर आईचं दूध आटलेलं असतं. मग जुलाब, आणि कॅम्पात तान्ह्या बाळाला जुलाब म्हणजे काय ते मी लिहीत नाही. ज्या बाळाला आई नाही किंवा जिला खरंच पाजता येत नाही, त्यांच्यासाठी पावडर लागतेच, पण ती तिथले आरोग्य कर्मचारी बाळ तपासून देतात आणि पुढे लक्ष ठेवतात, सरसकट वाटत नाहीत. तुमचे पैसे काम करणाऱ्या संस्थेला रोख द्या, काय घ्यायचं ते त्यांना कळतं.

ताई, मी गायनॅकला रेसिडेंट आहे. आमच्याकडे सुदान, सोमालियाकडच्या पेशंट येतात. एकीची योनी जवळजवळ पूर्ण शिवलेली होती, आधी कोणी नोंदच केली नव्हती, थेट लेबरमध्येच कळलं. आम्ही सगळेच गांगरलो. अशा वेळी काय करायचं असतं?

तुम्ही गांगरलात हे लिहिलंत तेच बरं केलंत, पुस्तकात हे दोन ओळींत असतं. बाकीच्यांसाठी सांगते, काही समाजांत मुलींचं खालचं अंग लहानपणीच कापतात आणि शिवून टाकतात, त्याबद्दल हे चाललंय.

पहिल्या भेटीतच विचारायचं, नवऱ्याला बाहेर ठेवून, दुभाषासोबत. "लहानपणी तुमच्या खालच्या अंगाला कापलं किंवा शिवलं होतं का" इतकं सरळ. आपल्याला वाटतं ती लाजेल, पण बऱ्याचदा कोणीतरी विचारायची ती वाटच बघत असते. मग तपासणी एकदाच, एकाच डॉक्टरने, आणि नोंद फाइलच्या पहिल्या पानावर. शिवलेलं उघडण्याची छोटी शस्त्रक्रिया गरोदरपणातच करता येते किंवा कळा चालू असतानाही, दोन्ही चालतं, तिला काय सोयीचं आणि तुमच्याकडे कोणाचा हात बसलाय त्यावर ठरवायचं. भूल मात्र नीट द्या. आणि यासाठी सिझर करायची गरज नसते, तरी ते केलं जातं, केवळ डॉक्टर घाबरले म्हणून.

अवघड भाग बाळंतपणानंतर येतो. "होतं तसं परत शिवा" असं ती म्हणेल, कधी नवरा म्हणेल. ते करायचं नाही, अनेक देशांत तर तो गुन्हाच आहे. पण हे तिला टाके घालताना नाही सांगायचं हो, महिनाभर आधी सांगायचं, लघवीची धार वेगळी लागेल, पाळी सोपी जाईल, आधी विचित्र वाटेल. आणि झालेली मुलगी असेल तर घरी जायच्या आधी तिला तरी असं कापू-शिवू नका हे बोलून घ्या, आई-बाप दोघांशीही.

एक हात जोडून विनंती, सगळ्या बॅचला बोलावून "हे बघा, रेअर केस" करू नका. मी ते होताना पाहिलंय. ती बाई पुढच्या तपासणीला आलीच नाही.

कॅम्पात जन्मलेल्या बाळाला कोणत्या देशाचं नागरिकत्व मिळतं? लॉच्या प्रोजेक्टसाठी हवंय.

प्रोजेक्टपुरतं थोडक्यात सांगते, मी वकील नाही. जन्मलं म्हणून आपोआप त्या देशाचं होतं असं बहुतेक देशांत नसतं, आई-वडिलांवरून ठरतं. आणि सुमारे २४ देशांच्या कायद्यात आईला बापासारखं आपलं नागरिकत्व मुलाला देता येत नाही. आता बाप लढाईत गेला, बेपत्ता झाला किंवा लग्नाचा कागद बॉम्बस्फोटात जळाला, की बाळ कोणाचंच नाही. लेबनॉन, जॉर्डनमध्ये जन्म नोंदवायला लग्नाचा पुरावा लागतो, तिथे ही गाठ फार घट्ट बसते.

म्हणून आमच्याकडे डिस्चार्जच्या वेळी एक गोष्ट घोकून घ्यायचो की हॉस्पिटलने दिलेली चिठ्ठी म्हणजे जन्मदाखला नाही! ती घेऊन नोंदणी कार्यालयात जायचं, मुदतीत. कितीतरी जणी ती चिठ्ठीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर्षानुवर्षं जपून ठेवतात आणि शाळेच्या दाखल्याच्या वेळी कळतं. जन्म लगेच नोंदवला जाणं हा बालहक्क करारातला, १९८९चा, सातव्या कलमातला हक्क आहे. चांगलं उदाहरण हवं असेल तर कोलंबियाचं घे, ऑगस्ट २०१५पासून तिथे व्हेनेझुएलन आई-बापांना झालेल्या २४,०००हून जास्त मुलांना त्यांनी २०१९ला नागरिकत्व देऊन टाकलं. मनात आलं तर होतं.

मी एका संस्थेसोबत बाळंतिणींच्या घरी जाते. एक जण दीड महिना झाला तरी बाळाकडे बघत नाही, बोलत नाही. सगळे म्हणतात इतकं सोसलंय, असं होणारच.

"होणारच" या शब्दाने फार नुकसान केलंय. तिने सोसलंय हे खरं, म्हणून तिला उपचार नकोत असं नाही ना. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एडिनबर्ग स्केल म्हणून दहा प्रश्नांची यादी आहे, १९८७ची, अनेक भाषांत तपासून घेतलेली मिळते, ती तिच्या भाषेत घेऊन बसा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दलचा आहे. त्याचं उत्तर "हो"कडे झुकलं तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि तिला एकटं सोडायचं नाही.

बाकीच्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ मिळेलच असं नाही, पण त्यावाचून अडत नाही. पाकिस्तानात खेड्यांतल्या आरोग्यसेविकांना, ज्यांना मानसिक आजाराचं काही शिक्षण नव्हतं, थोडं ट्रेनिंग देऊन घरोघरी पाठवलं, आणि नैराश्य असलेल्या बायकांपैकी बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा नैराश्यात राहिलेल्या होत्या २३ टक्के, नुसत्या भेटी दिलेल्या गटात ५३. हे निकाल २००८चे, पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्याचं मॅन्युअलच काढलं. तुमच्या संस्थेला ते ट्रेनिंग मागा. आणि तिला एक साधी गोष्ट विचारा, पाणी पुरेसं पिते का, झोप होते का. विचित्र वाटेल, पण कॅम्पात बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, रात्री अंधारात लांबच्या संडासला जायची भीती. मग लघवीचं इन्फेक्शन, ताप, दूध कमी, झोप नाही, आणि आपण म्हणतो दुःखाने अशी झालीय. कधी कधी एक टॉर्च आणि सोबतीला शेजारीण एवढ्याने निम्मं काम होतं.

इन्क्युबेटर नसेल तर सातव्या महिन्यातलं बाळ जगतं का?

बरीचशी जगतात. उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, वरून कापड घट्ट बांधायचं, डोक्यावर टोपी, मान सरळ, दिवसातले जमतील तितके तास, निदान आठ. १९७८ला बोगोटात इन्क्युबेटर कमी पडले म्हणून हे सुरू झालं आणि आता तर जन्मल्याबरोबर सुरू करा असं सांगतात, २०२१ला आलेल्या पाच देशांतल्या अभ्यासात लहान बाळांचे मृत्यू त्यामुळे २५ टक्क्यांनी कमी झाले. अर्थात तो अभ्यास हॉस्पिटलमधला होता, श्वास धाप लागल्यासारखा होत असेल, बाळ निळं पडत असेल किंवा दूध ओढत नसेल तर बांधलेल्या अवस्थेतच गाडीत घाला आणि मोठ्या हॉस्पिटलला न्या. आई उठण्यासारखी नसेल तर बाप चालतो, मावशी चालते, आजीही चालते, फक्त सगळ्यांनी आधी हात धुवायचे.